शंभर पाण्यांचं तूप

भोसरीत त्या काळी एखादं तान्हं मूल कडेवर घेऊन त्याच्या पाठीवरून हात फिरवला की बायका विचारत, "छबूबाईच्या हातचं का?" आणि बहुतेक वेळा ते असे. गावात आणि आजूबाजूच्या वाड्यांवर मिळून तीनशेच्या वर पोरं छबूबाईच्या नडग्यांवर न्हाली होती. नवरा वारला तेव्हा तिचा ज्योतीराम चार वर्षांचा होता. तेव्हापासून बाळबाळंतिणींना न्हाऊ घालणं हेच तिचं पोट आणि हाच तिचा मान.

तिची रीत ठरलेली. न्हाणीतल्या बसक्या दगडावर बसायचं, लुगडं गुडघ्यांच्या वर खोचायचं, पाय लांब करायचे आणि पोर नडग्यांवर पालथं घ्यायचं. आधी तेल. मग डाळीचं पीठ, साय आणि हळद यांचा गोळा अंगभर फिरवायचा, लव निघेपर्यंत. मग चुलीवरच्या हंड्यातलं कढत पाणी, मनगटाला सोसेल त्याहून जरा जास्तच ऊन. शेवटी निखाऱ्यांवर ओवा आणि लसणीची सालं टाकून धुरी. पोर किंचाळून दमायचं आणि लालबुंद होऊन झोपायचं. उठण्याआधी छबूबाई आपला तळवा बाळंतिणीपुढं धरायची. त्यात पिठाच्या करड्या, बारीक वळ्या असायच्या. "बघ बाई, केवढा मळ निघाला." आया समाधानानं बघायच्या, आणि घरातली म्हातारी माणसं सुपात दाणे जरा जास्त घालायची.

अशा बाईच्या घरात हौसा आली.

सून यशोदा चाकणची. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं म्हणून ते तिकडंच झालं, आणि सव्वा महिना हौसाला चाकणच्या एका बाईनं न्हाऊ घातलं. तीन महिन्यांची पोर घेऊन यशोदा सासरी आली, तेव्हा छबूबाईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि दारातच दुपटं उघडून नातीच्या पोटरीवरून बोट फिरवलं. बोट मध्येच थांबलं. कातडी कोरडी होती, खरखरीत होती. इतक्या लहान पोराची अशी कातडी तिनं कधी पाहिली नव्हती.

"पहिलं न्हाणं कच्चं झालंय," ती म्हणाली. "तुमच्या चाकणच्या बाईनं नुसतं पाणी वतलंय हिच्या अंगावर. मळ धरलाय पोरीनं."

यशोदा दुपट्याचं टोक नीट करत राहिली. ती एकोणीस वर्षांची होती, आणि समोर छबूबाई होती.

"त्वांड नगं पाडू. मी काढते समदा," छबूबाईनं सुनेच्या हातातून पोर घेतलं. "म्हयन्याभरात लोण्यावानी करते का न्हाई बघ."

महिना झाला, सहा महिने झाले, वर्ष झालं. हौसा रांगायला लागली, उभी राहिली, चालायला लागली. तिच्या नडग्यांवर बारीक चौकटी उठल्या. कांद्याच्या वरच्या सालीसारखे पातळ पापुद्रे पाठीवरून सुटायचे. कोपरात आणि गुडघ्यामागं चिरा पडायच्या, पोर झगा वर करून खाजवत राहायची. सकाळी यशोदा वाकळ अंगणात झटकायची तेव्हा त्यातून पांढरा कोंडा उडायचा. थंडीत तो दुप्पट व्हायचा.

छबूबाईनं हार मानली नाही. हरभऱ्याच्या पिठानं भागेना, म्हणून तिनं मसुराचं भरड पीठ घेतलं. एक वेळ न्हाऊ घालायची ती थंडीत दोन वेळा घालायला लागली. पाणी आणखी कढत केलं. धुरी आणखी वेळ दिली. आणि नवल म्हणजे, जितकं चोळावं तितका मळ जास्त निघे. तळव्यावर मूठभर वळ्या जमायच्या. त्या बघून छबूबाईला बरं वाटायचं. निघतोय ना, मग संपेलही.

फक्त एक गोष्ट तिला टोचायची. चुलीवर हंडा चढवताना त्याच्या कडीचा आवाज झाला की हौसा असेल तिथून पळायची आणि कणगीच्या मागं जाऊन बसायची. छबूबाई हात घालून तिला बाहेर ओढायची. "आजी नगं," पोर म्हणायची. तिला बोलता येणारे शब्द अजून दहा-पंधरा होते, आणि त्यातले हे दोन.

समोर मीरासाहेबाचं घर होतं. त्याचा टांगा भोसरीतून स्टेशनापर्यंत चालायचा. दुपारी घोडा सोडला की तो लिंबाखाली बसून सामानाची निगा करायचा, आणि त्याची बायको नूरबी उंबऱ्यात बसून त्याच्याशी वाद घालायची. हौसा त्या घरी रमायची. नूरबीच्या हातात डझनभर काचेच्या बांगड्या होत्या, त्या वर-खाली करण्यात पोरीचा तासन् तास जायचा.

एकदा छबूबाई नातीला न्यायला गेली, तेव्हा मीरासाहेब लगामाच्या वादीवर ओला फडका फिरवत होता. लगेच, ती ओली असतानाच, त्यानं तेलात बोटं बुडवली.

"अरे, वाळू दे की आधी," छबूबाई म्हणाली. "वल्यावर त्याल कुटं चढतंय?"

"ओल्यावरच चढतं, आक्का. सुकलं की कातडं तोंड मिटून बसतं. मग वर किती बी तेल ओता, नुसतं ओघळतं." त्यानं वादी बोटांत वाकवून दाखवली. मग हौसाच्या पायाकडं बघितलं आणि जरा चाचरत म्हणाला, "आक्का, राग मानू नका. पण ह्या पोरीला बी तुम्ही आधी तेल लावता आणि मागनं पिठानं सगळं काढून टाकता. एकदा उलटं करून बघा की."

छबूबाईचे डोळे मोठे झाले. "माझी नात म्हंजे काय तुझ्या घोड्याचं सामान हाय व्हय रे?"

"त्याचं सामान ह्यांनी इतकं चोळलं असतं तर कधीच तुटलं असतं," उंबऱ्यातून नूरबी म्हणाली.

"तू गप," मीरासाहेब म्हणाला.

"वीस वर्सं पोरं न्हाऊ घालते मी. आता टांगेवाल्याकडनं शिकू!" छबूबाईनं हौसाला काखेत मारलं आणि ती तरातरा निघून आली. घरी येऊन यशोदेला ते सांगताना तिनं हसूनच सांगितलं. यशोदा हसली नाही.

त्या वर्षीची, म्हणजे छप्पन सालची, थंडी कडक पडली. पौषात विहिरीवर सुभद्राबाई भेटल्या. गावातलं मोठं घर, चार मुलं, चारही छबूबाईच्या हातची.

"आमच्या थोरलीचं दिवस भरत आल्यात, छबूबाई."

"येते की. सांगावा धाडा."

सुभद्राबाईंनी घागर उचलली, कमरेवर नीट बसवली आणि म्हणाल्या, "आदी घरचं तेवढं निस्तरा. लोक इचारत्यात वो. न्हाऊ घालणारीच्या नातीचं अंग असं कसं? आमाला काय सांगावं सुदरंना."

छबूबाई रिकामी घागर घेऊन घरी आली. पाणी भरायचं राहूनच गेलं होतं. त्या दिवशी तिनं छपराला टांगलेली वाळकी घोसाळी काढली, त्यांची साल सोलून आतली अंग घासायची जाळी मोकळी केली, आणि हंडा चढवला.

यशोदा म्हणाली, "आत्याबाई, आज ऱ्हाऊ द्या. गुडघ्यामागं फुटलंय तिला."

"फुटलंय ते मळानंच. आज मुळापासनं काढते."

कणगीमागून ओढून आणलेली हौसा आधी ओरडली. मग तिचा आवाज बसला. जाळीतून पिठाचं पाणी गुलाबी होऊन ओघळलं, तेव्हा यशोदेनं पुढं होऊन सासूच्या नडग्यांवरून पोर उचलली, ओली तशीच. सासूच्या हातातलं मूल काढून घ्यायची तिची ती पहिलीच वेळ. दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या. न्हाणीच्या दगडावर छबूबाई पाय पसरून बसली होती आणि नडग्यांवर कुणी नव्हतं.

चौथ्या दिवशी चिरांत पू झाला, ताप भरला. ज्योतीराम पिंपरीच्या नव्या कारखान्यात लागला होता. त्यानं बरोबरीच्यांना विचारलं आणि पुण्याच्या मोठ्या दवाखान्याचं नाव घेऊन आला. त्याला रजा मिळेना. मीरासाहेब म्हणाला, "मी आहे की," आणि त्यानं पहाटे टांगा जुंपून दोघी बायकांना आणि पोरीला थेट पुण्यापर्यंत नेलं.

निघताना छबूबाईनं न्हाणीच्या कोनाड्यातून एक कागदाची पुडी काढून कनवटीला लावली. गेल्या आठवड्यात निघालेल्या वळ्या तिनं मुद्दाम वाळवून ठेवल्या होत्या. डॉक्टरला दाखवायला. एवढं करूनही जात नाही, याला काय म्हणावं, हे तिला विचारायचं होतं.

डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या होत्या. हौसाचा झगा उतरवून त्यांनी तिला खिडकीपाशी उजेडात उभं केलं आणि कुठंही न दुखवता सगळीकडे पाहिलं.

"कधीपासून?"

"तिसऱ्या म्हयन्यापासनं," छबूबाई पुढं सरसावली. "पयलं न्हाणं कच्चं झालं, बाई. चाकणला. तवापासनं मळ धरलाय. मी रोज काढते, दोन-दोन येळा. ह्यो बघा, पुरावाच आणलाय." तिनं पुडी उलगडून टेबलावर ठेवली.

डॉक्टरीणबाईंनी ती उचलली. एक वळी बोटांत चुरडली, चष्मा कपाळावर सरकवून जवळून पाहिली. मग हौसाच्या पाठीकडे पुन्हा एकदा पाहिलं.

"अंघोळ कोण घालतं हिला?"

यशोदेनं मान खाली घातली.

"मी," छबूबाई म्हणाली. "मीच घालते."

"आजी, हा मळ नाही. पीठ आहे, आणि बाकीची हिची कातडी आहे."

छबूबाईला आधी ते कळलंच नाही. ती पुडीकडं बघत राहिली.

"हे जन्मतःच येतं. हिच्या कातडीला ओल धरून ठेवता येत नाही. कढत पाणी, पीठ, घासणं, धूर, हे सगळं आजपासून बंद. साबणसुद्धा नको. कोमट पाणी, चटकन अंघोळ, टॉवेलनं नुसतं टिपायचं, आणि अंग ओलसर आहे तोवर वरून काहीतरी स्निग्ध लावायचं. जाड थर. दिवसातून दोनदा, तीनदा. जखमांना हे मलम वेगळं."

"मग बरी कवा व्हईल?"

"बरी अशी होणार नाही. पावसाळ्यात कमी वाटेल, थंडीत वाढेल. पण आग, खाज कमी ठेवता येईल."

"पयलं न्हाणं चुकलं म्हणून झालं ना ह्ये?" छबूबाईनं विचारलं. आवाजात विनवणी होती. तिला निदान एवढं तरी हवं होतं.

"कुणाच्या न्हाण्यानं हे आलेलं नाही, आजी. पण..." डॉक्टरीणबाई थांबल्या. चष्मा खाली घेऊन कागदावर लिहू लागल्या.

ते राहिलेलं वाक्य छबूबाईनं सबंध वाटभर स्वतःशी पुरं केलं. दापोडीचा पूल गेला, फुगेवाडी गेली. हौसा आईच्या मांडीवर झोपली होती. मीरासाहेबानं मागं न वळता विचारलं, "काय म्हणाली बाई, आक्का?"

"तू म्हणालास त्येच."

त्यानं घोड्यालाही हाक दिली नाही.

घरी आल्यावर यशोदा म्हणाली, "आत्याबाई, आजपासनं मी घालीन तिला अंघुळ." आवाज चढवून नाही, साधंच म्हणाली. मग थोड्या वेळानं, भाकरी थापता थापता, "आन् एक. माझ्या आईला तेवढं कळवा. दोन वर्सं ती त्या बाईला शिव्या घालतीया तुमच्या बोलण्यावरनं."

छबूबाईनं ज्योतीरामकडून कार्ड लिहून घेतलं. न्हाणं कच्चं नव्हतं, त्या बाईचा काही दोष नाही. "आणखी काय लिहू?" त्यानं विचारलं. ती म्हणाली, "बास."

पुडी अजून कनवटीला होती. रोज मोरीत सोडून द्यायची ती वस्तू तिला आता टाकवेना. तळवा पुढं करून ज्यांचा मळ दाखवला, ती सगळी पोरं तिला आठवत होती. त्यांचं अंग चांगलं होतं, त्यांचा निघाला तो खरोखरच मळ असेल. असेल का? तिनं परसात जाईच्या बुडाशी हातानं उकरलं, पुडी पुरली आणि माती सारखी केली.

कुणाचा हात भाजला की लावायला धुतलेलं तूप करायचं, हे छबूबाईला पूर्वीपासून ठाऊक होतं. कितीतरी जणींना तिनं ते दिलं होतं. आपल्याच नातीच्या अंगाची आग होतेय, हे मात्र तिच्या ध्यानात कधी आलं नव्हतं. मळाला कुणी तूप लावतं का? तिनं डॉक्टरीणबाईंना निरोप धाडून विचारलं. ज्योतीराम उत्तर घेऊन आला, चालेल, स्वच्छ हवं, जखमेवर नको.

तांब्याच्या परातीत साजूक तूप घ्यायचं, त्यावर गार पाणी ओतायचं, तळव्यानं गोल गोल घोळायचं, पाणी गढूळ झालं की ओतून टाकायचं. हे एक पाणी. अशी शंभर. चुकू नये म्हणून छबूबाई उजवीकडं शंभर चिंचोके मांडायची आणि एकेका पाण्याला एकेक डावीकडं सरकवायची. सत्तराच्या पुढं तूप पांढरं होत जातं, लोण्याहून हलकं, आणि त्याचा वासही उरत नाही. खांदे भरून यायचे. झालेलं तूप वाटीत काढून ती यशोदेच्या हाताशी सरकवायची आणि उठून भिंतीकडं तोंड करून बसायची. कारण आजी समोर दिसली की हौसा अंग आक्रसून घ्यायची, आणि आक्रसलं की चिरा उलायच्या. पाठ केली की पोर निवांत असायची. मागं पाण्याचा हलका आवाज, मग यशोदेचं गुणगुणणं. रडणं नाही. छबूबाई भिंतीचे पोपडे बघत ते ऐकायची.

माघात सुभद्राबाईंचा सांगावा आला. छबूबाई गेली. बसक्या दगडावर बसून तिनं तान्ह्याला नडग्यांवर घेतलं, आणि तिचा हात जड होईना. पाणी कोमट घेतलं. पीठ नुसतं लावल्यासारखं केलं. धुरीला नको म्हणाली. पोर रडलंच नाही. सुभद्राबाई तिच्या तळव्याकडं बघत उभ्या राहिल्या. तळव्यात काही नव्हतं.

"मळ न्हाई निघाला?"

"न्हाई."

पाचव्या दिवशी त्यांनी दिघीची बाई बोलावली. छबूबाईचा हात उतरला, असं गावात झालं. तिनं त्यावर कुणाशी वाद घातला नाही. सुपात दाणे येणं बंद झालं. ज्योतीरामच्या पगारावर घर चालत होतं, त्यामुळं उपाशी कुणी राहिलं नाही.

पावसाळ्यात हौसाचं अंग खरंच मऊ पडलं. चौकटी फिकट झाल्या. छबूबाईला वाटून गेलं, डॉक्टरीणबाई चुकल्या असतील. पण दिवाळी सरली, वारं कोरडं झालं, आणि एका सकाळी यशोदेनं वाकळ झटकली तेव्हा पुन्हा कोंडा उडाला. दोघींनी तो पाहिला. छबूबाईनं परात घेतली.

पुढं मार्गशीर्षात यशोदा हिवतापानं पडली. अंगावर दोन वाकळी घेऊन ती कुडकुडत होती. ज्योतीराम शिफ्टला गेलेला. हौसाच्या पाठीला खाज सुटली होती, ती भिंतीला पाठ घासत होती.

"आत्याबाई," यशोदा वाकळीतून म्हणाली, "आज तुमी लावा. मला उठवत न्हाई."

छबूबाई लगबगीनं उठली. हंडा घेतला नाही, त्याची कडी वाजेल म्हणून. लोट्यातच पाणी कोमट केलं. न्हाणीत दगडावर बसली, पाय लांब केले आणि हलक्या आवाजात हाक मारली, "ये बाई. तूप लावायचंय नुसतं."

हौसा पळाली नाही. कणगीमागं गेली नाही. आता ती तीन वर्षांची होती, तिला कळत होतं. ती आपणहून आली, झगा काढला, आणि आजीच्या नडग्यांवर पालथी पडली. दोन्ही मुठी घट्ट मिटल्या. डोळे मिटले. दात आवळले. खांद्यांपासून टाचांपर्यंत सगळं अंग तिनं ताठ केलं, आणि न रडता ती वाट बघू लागली.

छबूबाईनं पाणी घातलं, अंग टिपलं, तुपाचा गोळा बोटांवर घेतला. पोरीच्या पाठीवर अर्ध्या वितीवर हात नेला. खाली ती कातडी होती, कोरडी, खवल्याखवल्यांची, आणि ती थरथरत होती. हात खाली टेकेना. अंग वाळत चाललं होतं. वाळलं की तूप धरणार नव्हतं.

"नूरबी," तिनं दाराकडं तोंड करून हाक मारली. "नूरबी, जरा ये गं बिगीनं."

नूरबी ओल्या हातानं धावत आली. न्हाणीच्या दारात थांबली, आजीच्या हाताकडं आणि पोरीच्या मुठींकडं पाहिलं. काही न विचारता तिनं हौसाला उचलून आपल्या मांडीवर घेतलं, लोट्यातलं पाणी चुळकाभर शिंपडलं, छबूबाईच्या बोटांवरचं तूप आपल्या बोटांवर निपटून घेतलं आणि पाठीवर लावायला सुरुवात केली. बांगड्या खळखळल्या. पोरीची एक मूठ सुटली. मग दुसरी. थोड्या वेळानं तिनं हात मागं वळवून एक बांगडी धरली.

"आक्का, संध्याकाळला अजून लागंल," नूरबी म्हणाली. "वाटीत संपत आलंय."

छबूबाई उठून बाहेर आली. परात पुढं ओढली, तूप घातलं, चिंचोके उजवीकडं मांडले आणि गार पाणी ओतलं. न्हाणीतून बांगड्यांचा आवाज येत होता. तिनं भिंतीकडं तोंड फिरवलं आणि पहिलं पाणी घोळायला घेतलं.